बँकॉकहून अयुथयाला जाताय? एक रात्र तिथेच राहा

नमस्कार मंडळी!

थायलंडचं तिकीट काढलंय असं कुणी सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारते, अयुथयाला किती वेळ ठेवलाय? बहुतेक वेळा उत्तर येतं, "सकाळी बँकॉकहून निघायचं, दुपारी परत." माझीही पहिली खेप अशीच झाली. टूरच्या बसने चार देवळं दाखवली, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. परतीच्या वाटेवर मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. काहीतरी फार मोठं पाहून आलोय हे कळत होतं, पण काय पाहिलं ते घरी फोन करून सांगता येत नव्हतं. म्हणून पुढच्या वेळी एकटी गेले आणि दोन रात्री राहिले. आजचा व्हिडिओ त्या दुसऱ्या खेपेचा आहे.

आधी नावाबद्दल बोलू, कारण आपल्याला हे शहर नावापासूनच उलगडायला लागतं. अयुथया म्हणजे अयोध्या. थाई लिपीत ते आजही "ध"च्या अक्षरानेच लिहितात, उच्चार मात्र "थ" होतो. 1351 मध्ये ज्या राजाने ही राजधानी वसवली त्याची पदवी होती रामाथिबोडी, म्हणजे रामाधिपती. एकदा ही किल्ली हातात आली की पाट्या वाचायला मजा येते. वाट महाथात म्हणजे महाधातू, बुद्धाच्या अस्थी जिथे ठेवल्या ते ठिकाण. सी सान्फेत म्हणजे श्री सर्वज्ञ. चैवत्थनाराम म्हणजे जयवर्धन आराम, इथे आराम म्हणजे विहार. चेदी म्हणजे चैत्य, म्हणजेच स्तूप. आणि देवळाला म्हणतात तो "वाट" शब्द आवार या अर्थाचा, आपल्या "वाडा" शब्दाच्या नात्यातला. इतर देशांतल्या प्रवाशांना ही नावं पाठ करावी लागतात. आपल्या कानांना ती आधीच ओळखीची आहेत. मग आपणच इथून घाईघाईने का निघायचं?

[पडद्यावर नकाशा: तीन नद्या आणि मधलं बेट]

हे बघा, चाओ फ्राया, लोपबुरी आणि पा साक या तीन नद्यांच्या मधोमध जुनं शहर बसलंय. चारशेहून जास्त वर्षं ही सयामची, म्हणजे जुन्या थायलंडची, राजधानी होती. चिनी, जपानी, इराणी, डच, फ्रेंच, पोर्तुगीज, सगळ्यांची जहाजं नदीतून इथवर यायची. एप्रिल 1767 मध्ये बर्मी सैन्याने वेढा घालून शहर जाळलं. आपल्याकडे तेव्हा थोरल्या माधवरावांची पेशवाई चालू होती, म्हणजे काळ फार लांबचा नाही. पुढे बँकॉक राजधानी झाली आणि तिथल्या बांधकामासाठी इथल्याच पडक्या भिंतींच्या विटा होड्यांत भरून नेल्या. हंपी पाहिलेल्या माणसाला इथे पाऊल टाकताच छातीत तसंच काहीतरी हलतं.

जायचं कसं? रेल्वेने. बँकॉकपासून अंतर साधारण 80 किलोमीटर. साध्या गाडीचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीसेक बाट, वेळ दीड ते दोन तास. खिडक्या उघड्या असतात, फेरीवाले डब्यातून भात आणि फळं विकत फिरतात. स्टेशनातून बाहेर पडून सरळ चालत नदीवर या, होडीत बसा, काही बाटांत पलीकडे. तिथे दिवसाला 50 बाटच्या आसपास सायकल भाड्याने मिळते. बेट सपाट आहे, त्यामुळे सायकलची सवय नसलेल्यालाही जमतं. नाहीतर इथल्या टुकटुक आहेत, ज्यांचं पुढचं तोंड बेडकासारखं दिसतं. मुलांना त्या फार आवडतात.

पहाटे उठा आणि देवळं उघडता उघडता वाट महाथातला पोहोचा. पिंपळाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक तुम्ही फोटोत पाहिलं असेलच. ते इथे आहे. फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं बुद्धाच्या मस्तकापेक्षा वर नको, असा नियम आहे आणि रक्षक तो पाळायला लावतात. मला तो नियम मनापासून आवडला. खाली बसलं की नजर आपोआप त्या चेहऱ्याच्या पातळीला येते. आजूबाजूला शिर नसलेल्या मूर्तींच्या रांगा आहेत. काही 1767 मध्ये फोडल्या गेल्या, पण कित्येक मस्तकं त्यानंतर चोरांनी कापून पुराणवस्तूंच्या बाजारात विकली. म्हणून विनंती, त्या मूर्तींवर आपलं डोकं येईल असं मागे उभं राहून फोटो काढू नका. तिथल्या लोकांना ते फार लागतं.

रस्त्याच्या पलीकडेच वाट राचबुराना आहे, आणि ते माझं सगळ्यात आवडतं ठिकाण. 1424 मध्ये राजा वारला. त्याचे दोन मोठे मुलगे गादीसाठी हत्तींवर बसून एकमेकांशी लढले आणि दोघेही मेले. गादी तिसऱ्याला मिळाली. त्याने भावांना जिथे अग्नी दिला तिथेच हे देऊळ बांधलं. मधला उंच मनोरा, त्याला प्रांग म्हणतात, त्याच्या पोटात त्याने सोनं, मुकुट, तलवार, बुद्धमूर्ती असं सगळं बंद करून ठेवलं. पाचशेहून जास्त वर्षं ते तसंच होतं. 1957 मध्ये चोरांनी तळघर फोडलं आणि बराच ऐवज गेला. उरलेलं पुरातत्त्व खात्याने बाहेर काढलं. ते ठेवायला चाओ साम फ्राया संग्रहालय उभं राहिलं, 1961 मध्ये. म्हणजे त्या धाकट्या भावाचंच नाव.

प्रांगमध्ये उतरणारा अरुंद जिना उघडा असेल तर जरूर उतरा. खाली भिंतींवर फिकट झालेली जुनी चित्रं आहेत. मग दुपारी ऊन चढलं की संग्रहालयात जा. आधी रिकामं तळघर आणि मग त्यातलं सोनं, या क्रमानेच बघा. रत्नं जडवलेला गुडघे टेकलेला छोटासा सोन्याचा हत्ती मी कितीतरी वेळ पाहत उभी होते. दोन भाऊ ज्या हत्तींवरून लढले, त्यांचीच आठवण येत राहिली.

वाट फ्रा सी सान्फेतचे तीन चेदी तुम्हाला कुणीही दाखवेल. राजवाड्याच्या आवारातलं हे देऊळ. इथे सोन्याने मढवलेली 16 मीटरची उभी बुद्धमूर्ती होती, ती आगीत गेली. पण त्यानंतर थोडं उत्तरेला, कालव्यापलीकडे वाट ना फ्रा मेनला जा, तिकडे बस सहसा थांबत नाही. बर्मी सैन्याचा तळ तिथे होता, म्हणून हे देऊळ वाचलं. छत शाबूत, खांब शाबूत, आत राजवेशातला मुकुटधारी बुद्ध. दिवसभर पडक्या विटा पाहिल्यावर इथे जमिनीवर बसलं की बाकीचं शहर कसं असेल ते डोळ्यांसमोर उभं राहतं.

[पडद्यावर: संध्याकाळची नदी]

आता राहायचं कशासाठी ते सांगते. संध्याकाळी बेटाला वळसा घालणाऱ्या लांबट होड्या निघतात. एक थांबा असतो वाट फनान चोएंगचा. तिथली 19 मीटरची बसलेली मूर्ती 1324 ची, राजधानी वसण्याच्याही आधीची. आणि सूर्य कलताना होडी पोहोचते चैवत्थनारामला. 1630 मध्ये राजा प्रासात थाँगने बांधलेलं, कंबोडियातल्या ख्मेर धाटणीचं, नदीकाठी उभं. 2018 मध्ये अयुथयाच्या काळावरची एक टीव्ही मालिका थायलंडभर गाजली, तेव्हापासून थाई मुली, आज्या, अख्खी कुटुंबं जुन्या पद्धतीचे पोशाख भाड्याने घालून इथे येतात. ते पाहून मला फार बरं वाटलं. बसवाले तोवर बँकॉकच्या वाटेला लागलेले असतात. अंधार पडला की काही अवशेषांवर दिवे लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिणेकडे पोर्तुगीज वस्ती. 1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतलं, पुढच्या वर्षी मलाक्का, आणि त्याच वर्षी त्याचा दूत दुआर्ते फर्नांदिश इथल्या दरबारात हजर झाला. उत्खननात सापडलेले चर्चचे अवशेष आणि दफनभूमीतले सांगाडे जागच्या जागी जपलेत. मग बाजारात जाऊन फोय थाँग खा, पाकात सोडलेल्या अंड्याच्या बलकाच्या सोनेरी शेवया. मारिया गुयोमार द पिन्या या सतराव्या शतकातल्या ख्रिस्ती बाईला याचं श्रेय दिलं जातं. गोव्याची बेबिंका खाल्लेल्यांना बलक आणि साखरेची ही जोडी लगेच ओळखीची वाटेल.

मांसाहारी असाल तर नदीतली मोठी कोळंबी निखाऱ्यावर भाजून देतात, तिच्या डोक्यातला केशरी ऐवज भातावर घेऊन खा. महाग असते, पण एकदा तरी घ्याच. शाकाहाऱ्यांनी "किन जे", म्हणजे शुद्ध शाकाहारी खातो, हे दोन शब्द पाठ करा, आणि पिवळ्या कापडावर लाल अक्षरं असलेलं दुकान शोधा. नुसतं "मांस नको" म्हटलं तर माशाचा सॉस पडतोच.

हत्तीवर बसायचं का, असं बरेच जण विचारतात. मी बसले नाही आणि तुम्हीही बसू नका असंच सांगेन. तापलेल्या डांबरावर, पाठीवर हौदा आणि माणसं घेऊन चालणारं ते जनावर मला पाहवलं नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिलमध्ये सायकल अशक्य, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नद्या फुगतात. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे ठेवा. मुख्य अवशेषांचं एकत्रित तिकीट मिळतं, तेच घ्या.

आणि स्टेशनवर परतण्याआधी रोटी साय माय विसरू नका. इथल्या मुस्लिम कुटुंबांची ही खासियत आहे. पातळ हिरवट पोळ्या वेगळ्या आणि साखरेचे रेशमासारखे धागे वेगळ्या पिशवीत देतात, आपल्या म्हातारीच्या केसांसारखे. पोळीत धागे गुंडाळायचे आणि खायचे. घरच्यांसाठी म्हणून जपून ठेवू नका, दमट हवेत ते धागे चिकट होतात. गाडीतच संपवा, आणि समोरच्या बाकावरच्यांना विचारा. मी विचारलं तर एका आजींनी मला नीट गुंडाळायचं कसं ते शिकवलं.