ट्रंकेतला प्याला

ही ट्रंक बघा. साताऱ्यातल्या एका जुन्या मिशन चर्चमध्ये, वेस्ट्रीतल्या, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीतल्या, कपाटाखाली पडून होती. किल्ली कुणाकडेच नाही, शेवटी कुलूप हातोडीनं तोडलं. वर गीतांची पुस्तकं, वाळवी लागलेली, आणि खाली मांजरपाटात गुंडाळलेलं हे. काळं ठिक्कर. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, लोखंड असंल.

लोखंड नाही, प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस वाटून घेतात त्या विधीचा, प्याला आहे. ही भाकरीची थाळी, ही द्राक्षारसाची सुरई.

आता प्याल्याचं बूड बघा, ओल्या फडक्यानं पुसलं तर चार अक्षरं दिसली, ई पी एन एस. इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. म्हणजे आत निकेल सिल्व्हर, आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो तेच, तांबं, जस्त आणि निकेल, नावात सिल्व्हर असलं तरी चांदी गुंजभरही नाही. चांदी फक्त वरून, विजेनं चढवलेली. आपली कल्हई कशी, भांडं तापवून कथील फासतात, इथं मात्र भांडं द्रावणात बुडवून करंट सोडतात आणि चांदी अंगावर बसत जाते. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी १८४० ला याचं पेटंट घेतलं, आणि ज्यांना अस्सल चांदी झेपत नव्हती त्यांच्याही टेबलावर असा प्याला आला. साताऱ्यात अमेरिकन मिशन आलं त्यानंतर, १८४९ ला.

सराफानं बघितलं आणि म्हणाला, खोटी चांदी, मोडीला काही येणार नाही. मला ते लागलं. खोटी कशी? ज्यानं बनवली त्यानं बुडावर स्पष्ट लिहून ठेवलंय की काय आहे ते.

मग पातेल्यात अॅल्युमिनियम फॉइल, वर प्याला, खायचा सोडा, कढत पाणी. बघा बुडबुडे. सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा, काळेपणा म्हणजे चांदीला चिकटलेलं गंधकच, ते फॉइलकडे जातं आणि चांदी जागच्या जागी राहते. पावडरनं घासू नका हो, थर मुळात केसापेक्षा बारीक. ही थाळी कुणीतरी कधीतरी घासलीय, मधोमध पिवळट धातू उघडा पडलाय, तो आता झाकला जात नाही.

प्याल्याची कडही एका बाजूला तशीच झिजलीय, पण ती घासून नाही. एकेकानं ओठ लावायचा, पाळकसाहेबांनी फडक्यानं पुसायचं, पुढच्याला द्यायचा.

कमिटीनं विकायचं नाही असं ठरवलंय, नाताळला बाहेर काढणार आहेत.

मावशींनी प्याला सुती कापडात गुंडाळला आणि वरून रबरबँड लावायला गेल्या, तेवढं थांबवलं, रबरातही गंधक असतं. मग त्यांनी पदराच्या टोकाला बांधलेली नाडी सोडली आणि तिनंच बांधला.