बुधवारातला १

मित्रहो, सी भाषेत स्ट्रिंगमध्ये एखादं कॅरेक्टर शोधायचं म्हटलं की आपण लगेच फॉर लूप लिहायला बसतो. एकदा तरी तो जरूर लिहावा. स्ट्रिंग म्हणजे शेवटी शून्य असलेली बाइटांची रांग, हे त्यातूनच अंगवळणी पडतं. पण या कामासाठी स्ट्रिंग.एच या हेडर फाइलमध्ये स्ट्रचर (strchr) हे तयार फंक्शन आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये हेच काम इंडेक्स नावाचं फंक्शन करायचं. १९८९ च्या सी प्रमाणात स्ट्रचर हे नाव पक्कं झालं.

स्ट्रचर क्रमांक देत नाही, पत्ता देतं: ते कॅरेक्टर पहिल्यांदा जिथे सापडलं तिथला पॉइंटर. सापडलं नाही तर नल, म्हणजे कुठेच न दाखवणारा रिकामा पॉइंटर. म्हणून आधी नल तपासा, मगच पुढे जा. क्रमांक हवा असेल तर त्या पॉइंटरमधून स्ट्रिंगच्या सुरुवातीचा पत्ता वजा करायचा. पुढचं ठिकाण हवं असेल तर पॉइंटरमध्ये एक मिळवून पुन्हा शोधायचं. शेवटून शोधायला स्ट्ररचर (strrchr) आहेच.

आता १५-०८-२०१८ ही तारीख घ्या. ती इंग्रजी अंकांत टंकलेली असेल तर पहिल्या रेघेसाठी वजाबाकी २ येते. देवनागरी अंकांत, यूटीएफ-८ मध्ये (जगभरच्या लिप्यांची अक्षरं बाइटांत साठवण्याची युनिकोडची पद्धत) साठवली असेल तर येते ६. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण देवनागरीचा प्रत्येक अंक तीन बाइट घेतो आणि स्ट्रचर बाइटच मोजतं. रेघ एका बाइटची, म्हणून ती अचूक सापडते.

खरी अडचण '१' हा अंकच शोधताना येते. एकेरी अवतरणात देवनागरी १ लिहिला की जीसीसी हा कंपायलर इशारा देतो, पण प्रोग्रॅम कंपाइल होतो. तीन बाइटांपैकी शोधात उरतो फक्त शेवटचा, सोळा-आधारी ए७. आणि 'ध' चा शेवटचा बाइटही ए७ च आहे! म्हणजे "बुधवार १५-०८-२०१८" मध्ये १ शोधायला गेलात तर स्ट्रचर बुधवारातल्या ध पाशी थांबतं, तेही त्या अक्षराच्या तिसऱ्या बाइटवर. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा चालवून पाहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इंग्रजी उदाहरणांवर शिकताना हे कधीच समोर येत नाही.

उपाय सोपा आहे. दुहेरी अवतरणात "१" लिहा आणि स्ट्रस्ट्र (strstr) वापरा. ते तिन्ही बाइट एकत्र जुळवून पाहतं. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ची रचनाच अशी केली, की कॅरेक्टरचा पहिला बाइट आणि पुढचे बाइट कधीही एकमेकांसारखे दिसत नाहीत. त्यामुळे चुकून दोन अक्षरांच्या मधोमध जुळणी होत नाही.

मात्र "क" शोधलात तर तो 'की' मध्येही सापडेल आणि 'क्ष' मध्येही. तिथे संपूर्ण अक्षर ओळखायचं असेल तर आयसीयू सारखी युनिकोडची लायब्ररी घ्यावी लागते.