ठोकळ्यांचा पूल

नमस्कार मंडळी, आज ठोकळ्यांबद्दल बोलायचंय. हो, साधे लाकडी ठोकळे.

तीनेक वर्षांचं मूल जमिनीवर पूल बांधतंय असं समजा. दोन ठोकळे उभे केले, तिसरा वर आडवा ठेवायला गेलं तर तो मधल्या फटीतून धपकन खाली. परत ठेवला, परत खाली. इथे आपले हात शिवशिवतात, थांब मी दाखवते म्हणून. नका हो दाखवू! जरा वेळाने तेच मूल एक खांब थोडा आत सरकवतं, आडवा ठोकळा दोन्हीकडे नीट टेकतो आणि मग त्याचा चेहरा बघा. पट्टी नाही, आकडे येत नाहीत, तरी अंतर मोजलं की त्याने, स्वतःच्या डोळ्यांनी आणि हातांनी.

हा पूल काही एकदम येत नाही. अमेरिकेतल्या हॅरिएट जॉन्सन यांनी मुलांचा खेळ बघून १९३३ साली याच्या पायऱ्या लिहून ठेवल्या. आधी ठोकळे नुसते इकडून तिकडे वाहून न्यायचे, मग रांगा आणि मनोरे, मग पूल, मग चारी बाजूंनी बंद आवार, पुढे नक्षी, आणि नंतर कुठे "हे माझं घर" असं नाव मिळतं. म्हणजे लहानगं नुसतं ठोकळे उचलून फिरत असेल तर तो पसारा नाही, त्याला वजन कळतंय, आकार कळतोय.

फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने जर्मनीत १८३७ साली बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हाही त्याच्या साहित्यात लाकडी ठोकळे होतेच. पण मला जास्त आवडतं ते अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांच्या ठोकळ्यांचं माप, जाडी एक तर रुंदी दोन आणि लांबी चार. त्यामुळे दोन अर्धे जोडले की एक पूर्ण होतो, अपूर्णांक हा शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधी ते हाताला माहीत झालेलं असतं.

आपण फक्त शेजारी बसायचं आणि बोलायचं, "गाडी पुलाखालून गेली", "हा त्याच्यापेक्षा उंच झाला". पडलं तर, "का पडलं असेल रे?" एवढंच विचारा, आणि उत्तराची घाई नको.

आणि झोपायच्या वेळी अर्धवट बांधकाम मोडून डब्यात भरायला लावू नका, कोपऱ्यात राहू दे तसंच. सकाळी उठल्या उठल्या ते मूल आधी तिथेच जाऊन बसेल.