शिलाँगचा तीर: बाण मोजून लागणारा आकडा

[दृश्य: शिलाँग, पोलो ग्राउंड. दुपार.]

दुपारचे पावणेचार होत आलेत. मैदानावर तिरंदाज अर्धवर्तुळात बसलेत. हातात बांबूची धनुष्यं, शेजारी बाणांच्या जुड्या आणि समोर खांबाला बांधलेला गवताचा गोल भारा. इशारा होतो आणि सगळ्यांचे बाण एकदमच सुटायला लागतात. बघता बघता भाऱ्याचं साळिंदर होतं.

हा तीर: रुतलेल्या बाणांच्या आकड्यावर पैसे लावायचा खेळ. कोणाचा नेम सरस, याच्याशी इथे कोणाला देणंघेणं नाही. प्रश्न एकच: भाऱ्यात बाण रुतले किती?

[क्लोजअप: बाण उपसणारे हात]

रुतलेले बाण उपसायचे आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजायचे. समजा, ७४८ भरले. वरचे सातशे सोडून द्यायचे. आजचा आकडा ४८.

मेख आहे ती या सोडून दिलेल्या सातशेत. तिरंदाज कितीही पट्टीचे असोत, शेवटचे दोन अंक ठरवणं कुणा एकाच्या हातात राहत नाही. कडेच्या कुणाचा एक बाण भाऱ्याला चाटून गेला, की ४८ चे ४७ होतात आणि भलत्याचंच नशीब उघडतं.

[दृश्य: तीर काउंटर, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या]

पैसे लागतात ते गल्लोगल्लीच्या तीर काउंटरवर. ०० ते ९९ मधला आकडा सांगायचा, चिठ्ठी घ्यायची. पूर्ण आकडा नको असेल तर नुसता दहं किंवा नुसता एकं लावता येतो; तिथे त्यांना 'हाऊस' आणि 'एंडिंग' म्हणतात. पहिल्या फेरीनंतर तासाभराने दुसरी, तिच्यात बाण कमी. पहिल्या फेरीत रुपयाला साधारण ऐंशी मिळतात, दुसरीत साठ. दोन्ही फेऱ्यांचे आकडे आधीच सांगितले आणि दोन्ही लागले, तर रुपयाचे चार हजार.

आता जरा हिशेब करा. शंभरच्या शंभर आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर शंभर जाणार आणि पहिल्या फेरीत ऐंशी परत येणार. दुसरीत साठच. चार हजाराचा मोह मोठा खरा, पण तिथे जोड्या होतात दहा हजार!

तरीही आकडा निवडणारे हा हिशेब करत बसत नाहीत. ते रात्रीचं स्वप्न आठवतात. स्वप्नात काय दिसलं त्यावरून आकडा काढायचा, अशी तिथली रीत आहे, आणि तिच्यावर चहाच्या टेबलाशी तावातावाने वाद होतात.

[दृश्य: खासी टेकड्या]

मेघालयातल्या खासी या आदिवासी समाजात धनुष्यबाण हे नुसतं खेळाचं सामान नाही. मुलाच्या बारशाला त्याच्याजवळ धनुष्य आणि तीन बाण ठेवतात. तिरंदाजीच्या स्पर्धाही इथे जुन्या आहेत. पैजा त्यांच्याच आधाराने वाढल्या. १९८२ मध्ये मेघालयने करमणूक आणि बेटिंग कराच्या कायद्यात दुरुस्ती करून तीरला परवान्याच्या चौकटीत आणलं. पोलो ग्राउंडवरचा खेळ खासी हिल्स आर्चरी स्पोर्ट्स असोसिएशन चालवते. रविवारी सुट्टी.

मटक्याचा ओपन-क्लोज ठाऊक असलेल्यांना या दोन फेऱ्या ओळखीच्या वाटतील. फरक इतकाच, की मटका आपल्याकडे चोरून चालतो आणि तीर सरकारला कर भरतो.

[दृश्य: मोबाइलवर निकाल]

निकाल आता मिनिटभरात फोनवर येतो. त्याच फोनवर उद्याचे आकडे सांगणारेही भेटतात. त्यांच्या आकड्यांना 'कॉमन नंबर' म्हणतात. बाण अजून भात्यातच असतात, आणि यांचा आकडा तयार!