पऱ्हाटीतली अळी आणि विकिपीडियावरील लेख

पडद्यावर दिसणारे कपाशीचे हे फूल उमललेले नाही. आत शिरलेल्या अळीने तोंडातून काढलेल्या बारीक धाग्यांनी त्याच्या पाकळ्या एकमेकींना चिकटवून टाकल्या आहेत. विदर्भातील शेतकरी अशा फुलाला डोमकळी म्हणतात, आणि ती दिसली की गुलाबी बोंडअळी आपल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत, पोचली, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकणारी ही मुले-मुली कापूस पिकवणाऱ्या घरांतून आलेली आहेत. या सत्रात त्यांना याच अळीविषयी लिहायचे आहे, मात्र उत्तरपत्रिकेत नव्हे, तर मराठी विकिपीडियावर.

मराठी विकिपीडिया मे २००३ मध्ये सुरू झाला, परंतु त्यावरील जीवशास्त्राचे अनेक लेख अजूनही दोन-चार ओळींवर थांबलेले आहेत. अंतर्गत मूल्यमापनासाठी लिहिलेला निबंध एकच परीक्षक वाचतो आणि सत्र संपल्यावर तो कपाटात जातो. विकिपीडियावरील लेख कोणीही वाचू शकतो, कोणीही दुरुस्त करू शकतो, आणि केलेला प्रत्येक बदल लेखाच्या इतिहासात कायम नोंदलेला राहतो. त्यामुळे येथील शिक्षिकेने विद्यार्थ्यांना आधी लिहायला न लावता वाचायला लावले, आणि पहिले मसुदे प्रत्यक्ष लेखात नव्हे, तर प्रत्येकाच्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरील सरावाच्या पानावर, तयार झाले. बहुतेक टंकलेखन मोबाइलवरच झाले.

पेक्टिनोफोरा गॉसिपिएला हे या अळीचे शास्त्रीय नाव. भडोच येथील नमुन्यांवरून तिचे पहिले वर्णन १८४०च्या दशकात झाले. जिवाणूच्या जनुकामुळे स्वतःच अळीला मारक प्रथिन तयार करणाऱ्या बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन विषारी प्रथिने असलेले वाण २००६ मध्ये आले, गुजरातमध्ये पहिल्या प्रथिनाला या अळीने दाद न दिल्याची माहिती २०१० मध्ये जाहीर झाली, आणि २०१७च्या हंगामात विदर्भातील कपाशीचे अतोनात नुकसान झाले. एका गटाने यावरून ‘बीटी कापूस निकामी ठरला’ असे वाक्य लिहिले. संदर्भ पुन्हा तपासल्यावर ते टिकले नाही, कारण गुलाबी बोंडअळीने प्रतिकारशक्ती मिळवली असली तरी अमेरिकन बोंडअळी या दुसऱ्या किडीवर तेच तंत्रज्ञान तेव्हाही परिणामकारक होते. कोणत्या किडीत, कोणत्या प्रथिनाविरुद्ध आणि कधी, हे तिन्ही सांगितल्याशिवाय प्रतिकारशक्तीविषयीचे विधान पूर्ण होत नाही, ही गोष्ट या मुलांना उत्क्रांतीच्या धड्यापेक्षा या एका वाक्याच्या दुरुस्तीने अधिक नेमकी कळली.

सर्वांत कठीण प्रसंग मात्र याहून साध्या विधानाचा होता. ‘जिनिंगच्या बाजूच्या वावरात अळी पयले येते,’ म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याशेजारच्या शेतात ती आधी दिसते, असे एका विद्यार्थिनीचे वडील अनेक वर्षे सांगत आले आहेत, आणि तिने ते मसुद्यात लिहिले. विकिपीडियावर मूळ संशोधन चालत नाही. जे आधी विश्वासार्ह ठिकाणी प्रसिद्ध झाले आहे, तेवढेच तेथे लिहिता येते. वडिलांचे निरीक्षण खोटे आहे असे कोणीही म्हटले नाही, तरीही ते वाक्य अडले. मग संदर्भाचा शोध सुरू झाला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या सल्लापत्रिका चाळल्या गेल्या. या किडीच्या काही अळ्या सरकीत सुप्तावस्थेत राहतात, साठवलेल्या कापसातून पुढे पतंग बाहेर पडतात, आणि म्हणून जिनिंग कारखान्यांच्या आवारात मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावावेत, एवढे तिला छापील स्वरूपात सापडले. शेजारच्या वावरात अळी आधी येते, असे मात्र त्या पानांवर लिहिलेले नव्हते. तिने जेवढे सापडले तेवढेच लिहिले. वडिलांच्या वाक्याला जाऊन भिडणारे, पण त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबणारे ते विधान आज लेखात संदर्भासह आहे. आणि ते उरलेले एक पाऊल पदव्युत्तर अभ्यासात सापळ्यांतील पतंग मोजून तपासता येईल, असे तिच्या शिक्षिकेने तिच्या वहीत लिहून ठेवले आहे. आमच्या मते या उपक्रमातून घडलेले सर्वांत मोलाचे काम हेच आहे.

शेतातील प्रत्यक्ष निरीक्षणाला विकिपीडियाची एक वाट मोकळी आहे, ती म्हणजे छायाचित्रांची. स्वतः काढलेले आणि मुक्त परवान्याखाली दिलेले छायाचित्र कॉमन्स या भांडारात ठेवता येते. डोमकळीची, बोंडात शिरलेल्या अळीची आणि एकमेकींना चिकटलेल्या सरक्यांची छायाचित्रे विद्यार्थ्यांनी आपल्याच शेतांत काढली.

अशा उपक्रमाचा धोकाही सांगायला हवा. २०११ मध्ये पुण्यातील काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी असाच प्रयोग झाला होता, परंतु पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उचललेला मजकूर इतका आला की तो शोधून काढण्यात स्वयंसेवी संपादकांची दमछाक झाली आणि प्रयोग थांबवावा लागला. तो अनुभव लक्षात घेऊन येथे आधी स्रोत वाचून बाजूला ठेवायचा, मग आपल्या शब्दांत लिहायचे आणि शेवटी स्रोताशी ताडून पाहायचे, असा शिरस्ता ठेवला आहे.

एका मसुद्यात कीटकनाशकांची नावे आणि प्रति पंप मात्रा दिली होती. तो भाग संपूर्ण वगळण्यात आला. विकिपीडिया हे वापराचे मार्गदर्शन देणारे पुस्तक नाही, हा नियम तर आहेच. पण २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे येथे कोणीही विसरलेले नाही. कोणीही बदलू शकेल अशा पानावर औषधाची मात्रा लिहिणे या विद्यार्थ्यांना स्वीकारार्ह वाटले नाही. त्या जागी प्रादुर्भाव ओळखण्याची लक्षणे, फरदड (हंगामानंतरही कपाशी राखून घेतलेले पीक) टाळण्याचे कारण आणि हंगाम संपल्यावर पऱ्हाटी शेतात उभी न ठेवण्याची शिफारस, असा मजकूर आला.

या कामाचे गुण देताना लेखाची लांबी पाहिली जात नाही. प्रत्येक विधानाचा संदर्भ खरोखरच तेच सांगतो का, आणि अन्य संपादकांनी चर्चा पानावर घेतलेल्या हरकतींना विद्यार्थ्याने काय उत्तर दिले, यांवर गुण ठरतात. पुढील तुकडीने बोंडअळीच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या सूक्ष्म गांधीलमाशीचा विषय घेतला असून सध्या तिच्याविषयीचे संदर्भ गोळा करण्याचे काम सुरू आहे.