चार रुपये महिना

(दृश्य: नागपूरची दीक्षाभूमी, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची दुपार. पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी.)

जत्रेतून परतताना माणूस घरी काय नेतो? प्रसाद, बांगड्या, पोरांसाठी पिपाण्या. दीक्षाभूमीवरून माणसं पुस्तकं नेतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दर दसऱ्याला लाखो लोक येतात, आणि रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरून पुस्तकांच्या चळती लागतात.

या आजी बघा. डोक्यावर पदर, खांद्याला कापडी पिशवी. पुस्तक उघडत नाहीत. आधी कव्हरवरचा फोटो न्याहाळतात, मग अंगठ्याने पानांची जाडी चाचपतात, मग विचारतात, "हे संविधानच हाये ना? माह्या नातीले पाहिजे." दुकानदार मान हलवतो, सुतळी ओढून गाठ मारतो. आजींना वाचता येत नाही. पण पुस्तक तेच आहे ना, हे पक्कं झाल्याशिवाय कनवटीचे पैसे सुटत नाहीत.

ही ओढ कुठून आली? शाळेकडे नंतर जाऊ. आधी गिरणीकडे.

(दृश्य: एम्प्रेस मिलची जुनी छायाचित्रं. भोंगा.)

१ जानेवारी १८७७. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस. आज त्या जागेवर मॉल आहे. गावात महाराच्या कष्टाचा मोबदला म्हणजे बलुतं. ते किती द्यायचं, कधी द्यायचं, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. गिरणीत मात्र रोख पगार. रोख पैशाचं काय करायचं, हे ज्याचं तो ठरवतो. नागपूरच्या वस्त्यांनी त्यातले काही पैसे शाळेला आणि छापलेल्या कागदाला लावले. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे स्वतःचा छापखाना चालवत. त्यांच्या वर्तमानपत्रांची नावं ऐका: 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका'. अग्रलेख वाचायची गरजच उरत नाही!

(दृश्य: रेल्वे फलाट. डोक्यावर पेटी घेतलेल्या बाईच्या पाठीवर कॅमेरा.)

आता जाईबाई चौधरींची गोष्ट. जन्म १८९२, उमरेडचा. १८९६ च्या दुष्काळात कुटुंब नागपूरला आलं. नवव्या वर्षी लग्न झालं. सासरी दोन वेळची भ्रांत, म्हणून नागपूर आणि कामठी स्टेशनांवर त्या प्रवाशांचं सामान वाहू लागल्या. हमाल बाई, पण लिहिता-वाचता येणारी. मिशनच्या ग्रेगरीबाईंना हे कळलं आणि त्यांनी जाईबाईंना शाळेत शिकवायचं काम दिलं. पगार, महिना चार रुपये.

काही दिवस बरे गेले असतील. मग मुलांच्या घरी कळलं की मास्तरीण महार आहे. पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला. जाईबाईंची नोकरी गेली.

इथे जरा थांबू. शिक्षणाने माणूस सुधारतो, हे वाक्य आपण सगळ्यांनीच निबंधात लिहिलंय. त्या पालकांना मुलांनी शिकायला हवं होतं, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हतीच. कोण शिकवतंय, त्याबद्दल होती. शाळेच्या दाराला कडी दोन्ही बाजूंनी असते.

जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरात स्वतःची शाळा काढली, मुलींसाठी. नाव दिलं संत चोखामेळ्याचं. देवळाच्या दारात अडवलेल्या माणसाचं नाव शाळेच्या दारावर! नाव ठेवणारीचं कौतुक करावं तितकं थोडं.

पुढे १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. शिकलेल्या, सुधारकी घरांतल्या बाया देशभरातून आलेल्या. आणि जेवणाच्या वेळी जाईबाई आणि सोबतच्या दलित बायांची पानं वेगळी मांडली गेली. १ जानेवारी १९३८ ला वस्तीतल्या बायांनी सभा भरवून त्याचा निषेध केला. अपमान गिळायचा नाही, सभा भरवायची, ठराव करायचा, हेही शिकावंच लागतं. त्याचा तास कुठल्या वेळापत्रकात नसतो.

(दृश्य: १९४२, मोहन पार्कमधल्या परिषदेची छायाचित्रं.)

साडेचार वर्षांनी, २० जुलै १९४२ ला, याच शहरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. बायांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, गिरणीतल्या बायांना रजा मागितली, मुलींसाठी वसतिगृहं मागितली. त्याच दिवसांत झालेल्या दलित वर्गाच्या परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीत तीन शब्द सांगितले: एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज. मराठी फलकांवर त्यांचं 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' झालं, आणि मधला शब्द शेवटी गेला. त्या क्रमावरून नागपूरच्या चहाटपरीवर अजून तासभर वाद घालता येतो. पहिल्या शब्दाच्या जागेबद्दल मात्र कुणाचा वाद नाही.

(दृश्य: झपाट्याने, हिस्लॉप कॉलेज, विद्यापीठ, अमरावती रोड.)

शहराचा दुसरा पदरही आहे. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं. पदवी आधी कलकत्त्याची, मग अलाहाबादची. स्वतःचं विद्यापीठ आलं १९२३ मध्ये. कामठीचे मँगनीज खाणवाले डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात या विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपये ठेवले, त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. एकीकडे पस्तीस लाख, एकीकडे चार रुपये. शहराला दोन्ही लागले, पण रस्त्यांना नावं देताना आपण पहिल्याचीच याद ठेवतो.

(दृश्य: शाळेचा वर्ग. छोट्या बाकांवर मोठी माणसं.)

२०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची साक्षरता ८८.३९ टक्के. उरलेल्यांत बाया जास्त, वय झालेल्या जास्त. त्यांच्यासाठी आता उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. परीक्षा १५० गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. पोरांसाठी केलेल्या बाकात गुडघे मावत नाहीत, तरी बसतात. चष्मा विसरलेली बाई शेजारणीचा मागते. दोघींत एक चष्मा, आळीपाळीने.

(दृश्य: रात्र. वस्तीतल्या बुद्ध विहाराला जोडलेली अभ्यासिका.)

आणि ही अभ्यासिका. लाकडी फळ्या ठोकून केलेले कप्पे. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, वर्गणीची यादी, बंद पडलेलं घड्याळ. गडचिरोली-भंडाऱ्याकडून आलेली पोरं, वस्तीतल्या पोरी. कुणी एमपीएससी, कुणी पोलीस भरती. भरतीवाले पहाटे मैदानावर धावून येतात आणि दुपारी पुस्तकावरच डुलक्या काढतात. जागा निघाल्याच नाहीत तर काय, हा प्रश्न इथे कुणी मोठ्याने विचारत नाही. आमचं मत विचाराल तर, तो विचारायला हवा.

साडेअकरा वाजलेत. किल्लीवाला पोरगा दारात येऊन उभा राहतो. "चला बाप्पा, बंद करू द्या." कोपऱ्यातली मुलगी मान वर न करता हात दाखवते. पाच मिनिटं. तो पायरीवर बसतो, आणि खिशातून स्वतःच्या नोट्स काढतो.