एकसरचे वीरगळ गेमच्या नकाशावर

(दृश्य: दगडात कोरलेली जहाजं, अगदी जवळून)

वल्ह्यांची ही रांग बघा. प्रत्येक वल्हं वेगळं कोरलंय. वर डोलकाठी, आणि नावेवर लढायला सज्ज माणसं. मुंबईत, बोरिवली पश्चिमेच्या एकसर गावात हे आरमार साडेसातशे वर्षं दगडावर उभं आहे.

(दृश्य: कॅमेरा शिळेवरून खालून वर)

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीत उभारलेली कोरीव शिळा. ती खालून वर वाचायची. तळाशी लढाई आणि धारातीर्थी पडलेला वीर. त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा. गावोगावचे वीरगळ बहुधा गुरं राखताना किंवा जमिनीवरच्या लढाईत पडलेल्यांचे. समुद्रातली लढाई सांगणारे फार थोडे, आणि त्यातले एकसरचे सर्वांत देखणे. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातलं १२६५ च्या सुमाराचं हे युद्ध, असं अभ्यासक मानतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला, हे यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीने लिहून ठेवलंय. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये एकसरच्या अशा सहा शिळांची नोंद आहे, तळ्याकाठच्या आमराईत. आमराई गेली, इमारती आल्या.

(दृश्य: मोबाइलचा पडदा, गेमचा नकाशा)

इन्ग्रेस २०१२ मध्ये आला, पोकेमॉन गो २०१६ मध्ये. दोन्ही गेम चालत खेळायचे. नकाशावर खऱ्या जागांच्या खुणा असतात, इन्ग्रेसमध्ये पोर्टल आणि पोकेमॉन गोमध्ये पोकेस्टॉप. खुणेला बोट लावलं की त्या जागेचा फोटो, नाव आणि चार शब्दांची माहिती उघडते. अशा जागा खेळाडूच सुचवतात आणि वेफेअरर या संकेतस्थळावर दुसरे खेळाडू त्या तपासतात. म्हणजे आपल्या गावाचं काय दिसावं, हे बरंचसं आपल्या हातात आहे. मग सुचवायला वीरगळच का नको?

सुचवायची जागा मुद्दाम शोधत जावं अशी हवी, किंवा व्यायामाची, किंवा लोक जमतात अशी. तीनपैकी एक पुरे. वीरगळ पहिल्यातच बसतो. पण तो कायमचा जागेवर हवा, आणि चालत, सुरक्षितपणे तिथे पोचता यायला हवं. कुणाच्या खासगी घराच्या अंगणातला चालत नाही, शाळेच्या आवारातला नाही. रस्त्याच्या दुभाजकात अडकलेला, जिथे पाय ठेवायला जागा नाही, तोही सोडायचा.

(दृश्य: सकाळचं तिरपं ऊन शिळेवर)

फोटोसाठी सकाळ किंवा संध्याकाळ. डोक्यावरच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसतं. तिरप्या उन्हात प्रत्येक वल्ह्याला सावली मिळते. फोटो स्वतः काढलेला हवा, त्यात कुणाचा चेहरा नको, गाडीचा नंबर नको. दुसरा फोटो थोडं मागे सरकून, आजूबाजूचा परिसर दिसेल असा. तपासणारा कधी बोरिवलीला आलेला नसेल. याच फोटोवरून तो जागा पडताळणार. नकाशावरची खूण बरोब्बर शिळेवर ठेवायची, रस्त्याच्या पलीकडे नाही.

शिळा सहा, पण पोकेमॉन गोमध्ये फार जवळजवळच्या जागांपैकी एकच दिसते. आमचं मत स्पष्ट आहे: जहाजांची शिळा पुढे करा. सहाही एका चौकटीत घेतल्या तर त्यांची उंची दिसेल, लढाई दिसणार नाही.

नाव ‘जुना दगड’ नको. ‘एकसरचा वीरगळ, आरमारी लढाई’ असं लिहा. वर्णनात काळ, राजे, आणि दगडावर काय कोरलंय ते. वीरगळ म्हणजे काय, हेही एका वाक्यात. तपासणाऱ्याला ते ठाऊक असेलच असं नाही. आणि आधी नकाशा बघा. कुणी ही जागा आधीच दिली असेल तर दुसऱ्यांदा देऊ नका, चांगला फोटो आणि नेमकं वर्णन त्यात भरा.

(दृश्य: एकसरमधली गल्ली, येणारी-जाणारी माणसं)

मान्यता मिळाली की खेळाडू येतील, रात्रीही येतील. तेव्हा शेजारच्या लोकांशी आधी बोलून घ्या, आणि कोरीव कामाला हात लावू नका.